उंदराच्या तोंडातली वात

पुस्तकासाठीचं पहिलं चित्र मी फार हौसेनं रंगवलं होतं. पावसाळी छावणी, मागे सह्याद्री, पुढे एक तरणाबांड स्वार घोड्याला गवत घालतोय. अंगात पांढरा सदरा, डोक्याला लाल मुंडासं, पायात कोल्हापुरी चप्पल. लांबवर गावातली घरं, त्यांची तांबडी कौलं, उतारावर फुललेला गुलमोहर. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे मी ते घेऊन गेले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"हे कुठल्या सालातलं म्हणालात?"

"1673, सर."

"मग ही मंगलोरी कौलं कुणी शाकारली?"

मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला 1865 साली. म्हणजे माझं गाव जवळजवळ दोनशे वर्षं पुढचं होतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तोही इंग्रजी अमलातच आपल्याकडे आला. सदऱ्याला मी गळ्यापाशी तीन बटणं काढली होती. "अहो, बंद बांधत होते तेव्हा," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण त्यांनी कागद परत दिला तो उलटा करून. मी घरी आले आणि दोन दिवस ब्रशला हात लावला नाही.

पुस्तक मुलांसाठीचं होतं. एका नालबंदाचा, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणाऱ्याचा, दहा वर्षांचा भाचा मामाबरोबर घोडदळाच्या छावणीत येतो आणि पावसाचे चार महिने तिथं काढतो, एवढीच गोष्ट. मजकूर लेखिकेनं लिहून दिला होता, 22 चित्रं मला काढायची होती. ही गोष्ट सुचली ती एका पत्रावरून. मे 1673 मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र. रयतेच्या भाजीपाल्याला हात लावू नका, अशा आशयानं ते आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. मी ते पहिल्यांदा पूर्ण वाचलं ते या कामाच्या निमित्तानं, आणि वाचताना मला ते पत्र वाटेचना. चित्रकाराला दिलेली टिपणं वाटली.

पावसाळ्याची बेगमी करून ठेवली आहे, ती सुरुवातीलाच उधळली तर ऐन पावसात दाणागवत संपेल, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांकडे जाल, कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकडं, हे सगळं त्यात आहे. आणि पुढे आगीबद्दल लिहिलं आहे. कुणी शेकोट्या पेटवतील, कुणी भलत्याच जागी चूल मांडतील, कुणी तंबाखू ओढायला विस्तव नेतील, आणि आजूबाजूला तर सगळीकडे गवत. रात्री घरात दिवा राहिला तर उंदीर पेटती वात पळवून नेईल. एकदा आग लागली की गवत वाचणार नाही, घोडी वाचणार नाहीत.

सतराव्या शतकातल्या छावणीतली रात्र यापेक्षा जवळून कुणी दाखवली असेल असं मला वाटत नाही. गवती छपरं, उघडे दिवे, चुली, तंबाखू, उंदीर. तंबाखूनं मला आधी दचकवलं, पण 1604 च्या सुमारास असद बेगनं अकबराच्या दरबारात जो तंबाखू नेला तो विजापुराहूनच. 1673 पर्यंत तो स्वाराच्या कनवटीला असणं अगदी साहजिक. पत्र वाचून संपलं तेव्हा शेवटच्या मोठ्या चित्राचा विषय ठरलेला होता. बाकीची 21 चित्रं मात्र अजून धुक्यात होती.

अडचण अशी की मावळा म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहतो. तो कॅलेंडरातून, शाळेच्या पुस्तकांतून, सिनेमातून आणि गणपतीच्या देखाव्यांतून आलेला असतो. प्रत्येकानं मागच्याचं पाहून काढलेला. माझा हातही तोच माणूस काढत होता, मी ठरवलं नव्हतं तरी. म्हणून मी मूळ चित्रांकडे गेले. महाराजांची त्या काळातली चित्रं सुदैवानं आहेत. गोवळकोंड्यात काढलेला चित्रसंच डचांमार्फत युरोपात गेला, त्यातलं चित्र आज ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. मीर मुहम्मदनं मनुची या इटालियन प्रवाशासाठी काढलेलं घोड्यावरचं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. जामा म्हणजे लांब घेरदार अंगरखा, कमरेला पटका, तुरा खोवलेली पगडी, सगळं नीट दिसतं. पण मला महाराज काढायचे नव्हते. मला काढायचा होता नालबंद. म्हणून मी मीर मुहम्मदच्या चित्रात मधल्या घोड्याकडे न पाहता त्याच्या मागेपुढे पायी चालणाऱ्या माणसांकडे पाहत बसले. स्क्रीनवर ती अंगठ्याएवढी दिसत. मोठी केली की चौकोन फुटत.

मग एक मोह आला, आणि त्यात माझा दीड महिना गेला. 1790 च्या दशकात पुण्यात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली तयार झालेला गंगाराम तांबट नावाचा चित्रकार होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातली जनावरं, वेरूळची लेणी, त्यानं काय काय काढलं आहे. हात इतका सच्चा की बघतच राहावं. आपल्या मातीतला माणूस, प्रत्यक्ष पाहून काढणारा. त्याची आणि त्या काळातल्या इतरांची रेखाटनं समोर ठेवून मी सहा चित्रांची कच्ची आखणी केली. पगड्या तशा, अंगरखे तसे, बसण्याच्या तऱ्हा तशा. सरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, कुठलं साल. 1673 आणि 1790 यांत 117 वर्षं आहेत. आजच्या माणसाला 1900 सालचा पोशाख घातला तर आपण हसू, पण दोन्ही काळांना 'जुना' म्हटलं की तेवढं अंतर डोळ्यांतून निसटतं. सहाही आखण्या मी बाजूला ठेवल्या. फाडल्या नाहीत, पेशवाईवरच्या एखाद्या पुस्तकात त्या खऱ्या ठरतील.

यानंतर मी कागद सोडून वस्तूंकडे वळले. आधी कापड. माझी मावशी शिवणकाम करते. तिच्या मदतीनं पातळ हातमागाच्या सुती कापडाचा जामा शिवला. हातमागाचा पन्हा अरुंद, त्यामुळे घेरासाठी कळीला कळी जोडत जावं लागतं. "अगं, एका माणसाच्या अंगावर केवढं हे कापड!" मावशी म्हणाली, आणि त्या एका वाक्यानं माझी निम्मी चित्रं बदलली. एवढं कापड अंगावर घालणारा माणूस म्हणजे ज्याला ते परवडतं तो. जुमलेदार जाम्यात असेल. घोड्याखाली बसून खूर तासणारा माणूस त्या घेरात काम कसं करील? माझ्या चित्रांतले सगळेच्या सगळे, अगदी लीद उचलणारे सुद्धा, सणासुदीला निघाल्यासारखे नटलेले होते.

जामा माझ्या भाच्याला घातला. त्याला उकिडवं बसवलं, बाकावर घोड्यासारखं बसवलं, वजन उचलायला लावलं, आणि प्रत्येक वेळी रेखाटलं. वाकायचं झालं की घेर पुढून उचलून पटक्यात खोचावाच लागतो. हे मी कुठल्याच चित्रात काढलं नव्हतं. बंद कुठे बांधायचे हेही त्याच दिवशी ठरलं. मुघलकाळात रीत अशी की हिंदू माणसाच्या जाम्याचे बंद डाव्या काखेखाली आणि मुसलमानाचे उजव्या. त्या काळातली चित्रं पाहताना माणूस कोण हे ओळखायला जाणकार आजही आधी बंद बघतात. छावणीत दोन्ही प्रकारची माणसं असणार, तेव्हा मी दोन्ही काढले.

नालबंदाला मी कमरेला पंचा आणि डोक्याला फडकं एवढंच दिलं, वर उघडा. प्रकाशकांकडून निरोप आला की मुलांच्या पुस्तकात उघडी माणसं नकोत, गरीब दिसतात. यावर माझं त्यांच्याशी तीन वेळा बोलणं झालं. कोकणातल्या पावसाळ्याच्या दमटपणात, भट्टीशेजारी, लोखंड ठोकणारा माणूस अंगभर कपडे घालून बसत नाही. त्याला कपडे चढवले म्हणजे त्याचा मान वाढत नाही, त्याचं काम खोटं ठरतं. आणि मूल आधी चित्र पाहतं, मजकूर नंतर वाचतं. चित्रात जे दिसलं ते त्याच्या मनात म्हातारपणापर्यंत राहतं, मी स्वतः चाळिशीत ते अनुभवत होते. शेवटी नालबंद उघडाच राहिला.

रंगांचं काम मात्र मला मनापासून आवडलं. सुती कापडाच्या पट्ट्या तुरटीच्या पाण्यातून काढून मंजिष्ठात, हळदीत, पळसाच्या फुलांत बुडवल्या. नीळ वेगळी. हिरडा आणि गंजलेलं लोखंड यांच्या पाण्यातून काळा निघाला, खरा काळा, जरा तपकिरीकडे झुकलेला. त्या वाळल्या की माझ्या टेबलासमोर दोरीवर टांगल्या आणि ठरवलं, कपड्यांना रंग द्यायचा तो या दोरीवरून. रासायनिक रंगांची सुरुवात झाली ती 1856 साली, लंडनमध्ये विल्यम पर्किनच्या हातून अपघातानं जांभळा रंग निघाला तेव्हापासून. त्यामुळे झळझळीत जांभळा आणि आजचा राणी रंग गेले. कुसुंब्याचा गुलाबी निघतो, सुंदर निघतो, पण उन्हात उडतो, म्हणून तो एकदाच वापरला, जुमलेदाराच्या पगडीला, तोही कडेला विटलेला. रंगपेटीतले निम्मे खण बंद झाले आणि पानं एकदम शांत दिसू लागली. त्या शांततेत काव लावलेलं भगवं निशाण काय उठून दिसतं! आधीच्या चित्रांत सगळंच भडक होतं, म्हणून निशाण हरवत होतं.

पावसाचं पांघरूण म्हणजे घोंगडी. ती काढायला मी माणदेशात एका सणगर कुटुंबाकडे दोन दिवस राहिले. खड्डामाग, मेंढीच्या लोकरीचं सूत, त्याला चिंचोक्याची खळ. रंगवायचा प्रश्नच नाही, काळ्या मेंढीचं काळं, पांढरीचं पांढरं. आजींनी मला घोंगडीची खोळ करून डोक्यावर कशी घ्यायची ते दाखवलं. मी विचारलं, भिजते का?

"भिजतीया की. पर आतल्या मानसाला पानी लागाय येळ लागतो. जड हुती मातुर. लई जड."

मी ती आडावर नेऊन भिजवली आणि खांद्यावर घेतली. खरंच लई जड. ओली घोंगडी वाऱ्यावर उडत नाही, तिला बारीक चुण्या पडत नाहीत, ती दोन-तीन मोठ्या घड्यांत सरळ खाली ओढली जाते, आणि तिच्याखालचा माणूस खांदे पुढे काढून चालतो. मी आधी काढलेले स्वार पावसात छाती काढून उभे होते आणि त्यांच्या घोंगड्या झेंड्यासारख्या फडकत होत्या. कोकणातल्या गावकऱ्यांना मी इरली दिली, कामट्यांच्या सांगाड्यात पानं भरलेली. ती तर आजच्या म्हाताऱ्या माणसांनी लावणीच्या वेळी स्वतः घेतलेली आहेत, विचारायला फार लांब जावं लागलं नाही.

घोड्यांपाशी मी सगळ्यात जास्त चुकले होते. चित्रकलेच्या पुस्तकांतून शिकलेला माझा घोडा विलायती, उंच, लांब मानेचा. दख्खनचं घोडं वेगळं. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं प्रसिद्ध होती ती काटकपणासाठी, उंचीसाठी नव्हे. स्वाराची उंची तीच ठेवून घोडा लहान केला आणि चित्रातली ऐट गेली असं मला पहिले दोन दिवस वाटलं. मग उलट वाटू लागलं. माणूस आणि जनावर आता एकमेकांशी बोलू शकतील इतके जवळ आले होते. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिलेली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. तेव्हापासून मी चित्रांत घोडे मोजू लागले. पंचविसांची रांग दिसली की कुठेतरी पखालीचं ओझं घेतलेला बैल आणि पखालजी दिसलाच पाहिजे. आधीच्या आराखड्यात तो नव्हताच, पंचवीस जनावरांना पाणी पाजणारा माणूस मला सुचलाच नव्हता.

नालबंदी पाहायला माथेरानला गेले. तिथं मोटारींना बंदी असल्यामुळे घोडी भरपूर आणि त्यांच्या नाला ठोकणारी माणसंही. मी माझं चित्र दाखवलं: मामा एका हातानं घोड्याचा पाय धरून दुसऱ्या हातानं खिळा ठोकतोय, भाचा बाजूला उभा राहून बघतोय. तिथला नालबंद ते पाहून म्हणाला, "ताई, खिळा धरायला एक हात, हातोड्याला एक हात. मग पाय कुणी धरला?" पाय धरायला दुसरा माणूस लागतो. तो घोड्याचा पाय गुडघ्यात मुडपून मांडीवर घेतो आणि नालबंद समोर उकिडवा बसतो. मी त्याच संध्याकाळी लेखिकेला फोन केला. तोवर गोष्टीतला मुलगा 22 चित्रांभर नुसता बघत होता. आता त्याला काम मिळालं, पाय धरण्याचं. मजकुराची चार पानं तिनं नव्यानं लिहिली, आणि माझ्या मते पुस्तकातली ती सगळ्यात चांगली पानं आहेत.

झाडांची यादी लहान करायला वेळ लागला नाही, पण मनाला लागली. मी गडकोटांवर हिंडून काढलेल्या फोटोंत घाणेरी आहे, गिरिपुष्प आहे, फड्या निवडुंग आहे, आणि यांतलं एकही झाड मूळचं आपलं नाही. डोंगर तेच, पण त्यांच्या अंगावरची झाडी बदललेली. मी आंबा, फणस, वड, साग, करंज ठेवले आणि उतारावर कारवी. कारवीचा उपयोग घरांनाही झाला: कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण, वर गवताचं छप्पर, आणि जोत्याला चिपळूणच्या बाजूचा तांबडा जांभा. त्याआधी मी सवयीनं काळा दगड रंगवला होता, पुण्याकडच्या किल्ल्यांसारखा.

जेवणाचं एकच चित्र आहे. त्यातून शेंगदाण्याची चटणी काढली, बटाटे काढले. ही दोन्ही अमेरिकेकडची पिकं, आपल्या ताटात रुळली ती फार नंतर. ताटात नाचणीची भाकरी, लसूण आणि खिचडी राहिली. खिचडीला तर चांगला साक्षीदार आहे. पुढच्याच वर्षी, 1674 मध्ये, राज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनच्या मंडळींनी इथल्या लोकांच्या आवडीचं जेवण म्हणून तिचंच वर्णन केलं आहे, डाळतांदूळ एकत्र करून लोण्यात शिजवलेले. चुलीशेजारी आगपेटी नाही, चकमक आहे. चूल मी छपरापासून लांब, उघड्यावर मांडली, महाराजांच्या हुकुमाप्रमाणे.

आणि शेवटचं मोठं चित्र, दोन पानांवर पसरलेलं. मध्यरात्र. बाहेर पाऊस. उजवीकडे कोनाड्यात विसरलेली पणती, खाली थकून झोपलेला जुमलेदार, अंगात जामा, डाव्या काखेखाली बंद. पणतीतून पेटती वात तोंडात धरून एक उंदीर डावीकडे पळतोय, जिथं गवताची गंज रचलेली आहे. पलीकडे मुलगा जागा झालाय, त्यानं नुकतेच डोळे उघडलेत. या चित्राला मला 19 दिवस लागले. सगळा उजेड त्या एका वातीचा, त्यामुळे प्रत्येक वस्तूची सावली उंदराकडून सुटते. मी मेणबत्ती सरकवत सरकवत स्वयंपाकघरात तीन रात्री त्या सावल्या पाहिल्या.

छपाईआधीची पानं आली तेव्हा पहिल्या नजरेत मला काहीच वेगळं दिसलं नाही. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा पोटात खड्डा पडला. जुमलेदाराचे बंद उजवीकडे होते. मांडणी करणाऱ्या मुलानं चित्र आरशातल्यासारखं उलटवलं होतं. फोन केला, आवाज चढलाच माझा. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, उंदीर मागच्या पानाकडे पळत होता. मुलं पान उलटतात उजवीकडून. आग पुढच्या पानावर आहे, मग उंदीर त्या बाजूला नको का पळायला?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, वात घेऊन पळणारा उंदीर वाचणाऱ्याला पुढच्या पानावर ओढून नेऊ शकतो, आणि मी त्याला पाठमोरं धाडलं होतं. पण चित्र उलटवलं की जुमलेदाराचे बंद चुकतात, उशाशी काढून ठेवलेली तलवार डावखुऱ्या माणसाची होते, मुलगा डाव्या हातावर रेलून उठतो.

मी त्याच्याकडून चार दिवस मागून घेतले. जुमलेदार आणि मुलगा मूळच्या चित्रातल्यासारखेच ठेवले, झोपडीची आतली बाजू पूर्ण नव्यानं काढली. पणती डाव्या कोनाड्यात गेली, गंज उजवीकडे आली, आणि उजेडाची दिशा बदलल्यामुळे सगळ्या सावल्या पुन्हा काढाव्या लागल्या. उंदीर आता उजव्या पानाच्या अगदी कडेशी आहे, त्याची शेपटी चित्रात आणि नाक जवळजवळ बाहेर. बंद डाव्या काखेखालीच आहेत.

पानं घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, उंदरावरून बोट फिरवत पानाच्या कडेपर्यंत आले आणि पान उलटलं.